नवं लिहिलं गेलं, तर हार्ड डिस्कवरचं जुनं परत मिळतं का? फाईल गेल्यावर काय करावं

आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मी 2014 साली गावी जाऊन रेकॉर्ड केल्या होत्या. 44 फायली होत्या. आत्या गेली, आणि त्यानंतर घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकताना डी ड्राइव्हसुद्धा फॉरमॅट झाला. मग त्याच ड्राइव्हवर भाच्यासाठी एक भलामोठा गेम टाकला गेला. मला कळेपर्यंत तीन आठवडे उलटले होते. 44 पैकी 29 ओव्या परत मिळाल्या. बाकीच्या 15 त्या डिस्कवरून आता कुणालाच मिळवता येणार नाहीत. फॉरमॅटमुळे एकही ओवी गेली नव्हती. त्या 15 गेल्या त्या गेममुळे.

हार्ड डिस्कवरच्या ज्या जागी एकदा नवा डेटा खरोखर लिहिला गेला, तिथला जुना डेटा परत मिळत नाही. सॉफ्टवेअर कितीही महागडं घ्या, लॅब कितीही मोठी शोधा.

मग 'पस्तीस वेळा पुसलं तरच डेटा जातो' हे कुठून आलं? संगणक-सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांनी 1996 साली एक निबंध लिहिला. चुंबकी डिस्कवर जुन्या लेखनाची पुसट खूण ट्रॅकच्या, म्हणजे ज्या गोल पट्टीवर डेटा लिहिला जातो तिच्या, कडेला उरू शकते आणि खास सूक्ष्मदर्शकाने ती वाचता येऊ शकते, असा त्यातला मुद्दा होता. त्या काळच्या वेगवेगळ्या डिस्क आणि त्यांच्या लेखनपद्धती धरून त्यांनी वर लिहून पुसण्याच्या 35 फेऱ्यांची यादी दिली. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं की कुठल्याही एका डिस्कवर त्या सगळ्या फेऱ्या मारण्यात अर्थ नाही. पण 35 हा आकडा लोकांच्या मनात राहिला तो राहिलाच.

2008 साली हैदराबादच्या एका परिषदेत क्रेग राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. वापरातल्या डिस्कवर एकदा नवं लिहिल्यावर जुना एक बिट (म्हणजे एक 0 किंवा 1) बरोबर ओळखण्याची शक्यता जेमतेम 56 टक्के निघाली, म्हणजे नाणं उडवून ओळखण्यापेक्षा थोडी बरी. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. आठही बरोबर येण्याची शक्यता त्या हिशेबाने शंभरात एक पडते. तीन-चार एमबीच्या एका फोटोत असे लाखो बाइट असतात, तेव्हा पुढचा हिशेब करायलाच नको. आजच्या मोठ्या डिस्कवर ट्रॅकची रुंदी 100 नॅनोमीटरच्या आत आली आहे, त्यामुळे कडेला खूण उरायलाही फारशी जागा नाही.

पण तुमची फाईल 'गेली' म्हणजे तिच्यावर काही लिहिलं गेलंच आहे असं नाही. बहुतेक वेळा तसं झालेलं नसतं.

पहिली पायरी: हात थांबवा. फाईल उडाल्याचं कळलं की तो ड्राइव्ह वापरणं त्या क्षणी बंद करा. फाईल सी ड्राइव्हवर असेल तर कॉम्प्युटरच बंद करा. नुसतं ब्राउझर उघडून 'फाईल परत कशी मिळवावी' असं शोधलं तरी ब्राउझर डिस्कवर बरंच काही लिहीत असतो. शोधाशोध फोनवर करा. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर टाकू नका. सर्वांत जास्त डेटा या एका चुकीने जाताना मी पाहिला आहे.

दुसरी पायरी: नेमकं काय झालं ते ठरवा. फाईल डिलीट केली असेल तर विंडोज तिच्या नोंदीवर 'ही जागा मोकळी' असा शिक्का मारतं. मजकूर जागच्या जागी असतो. क्विक फॉरमॅटमध्येही साधारण तेच होतं, नोंदवही कोरी होते आणि घर तसंच राहतं. क्विकची खूण काढून केलेलं पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितं. तसं झालं असेल तर त्या डिस्ककडून आशा सोडा आणि थेट तिसऱ्या पायरीकडे जा.

'त्याच नावाने सेव्ह झालं' ही तक्रारही नेहमीची. इथे थोडी आशा असते. वर्ड, एक्सेलसारखे प्रोग्राम सेव्ह करताना सहसा नवी फाईल वेगळ्या जागी लिहितात, जुनी काढून टाकतात आणि नव्या फाईलला जुनं नाव देतात. नाव एकच दिसतं, पण जुना मजकूर मोकळ्या ठरवलेल्या जागेत काही काळ पडून असू शकतो.

एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क असेल तर गणित निराळं. विंडोज 7 पासून डिलीट होताच 'या जागा आता नकोत' असा निरोप एसएसडीला जातो. त्याला ट्रिम म्हणतात. मग त्या जागा वाचायला गेलं तर बहुतेक वेळा शून्यंच हाती येतात, नवं काही लिहिलेलं नसलं तरी. मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्हवर सहसा असं होत नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या कार्डातले फोटो परत मिळण्याची आशा जास्त.

तिसरी पायरी: डिस्क उघडण्याआधी प्रती शोधा. ही पायरी लोक वगळतात आणि मग पैसे घालवतात. रीसायकल बिन, ईमेलला जोडून कुणाला पाठवलेली फाईल, व्हॉट्सअ‍ॅपवरून भावंडाच्या फोनमध्ये गेलेली प्रत, गूगल ड्राइव्हची कचरापेटी (तिथे फाईल 30 दिवस राहते), फोल्डरवर उजवं क्लिक करून 'प्रीव्हियस व्हर्जन्स'. माझ्या 15 पैकी दोन ओव्यांचे तुकडे मावसभावाच्या जुन्या फोनमध्ये सापडले, आवाज खरखरीत, पण आत्याचाच.

चौथी पायरी: आधी डिस्कची नक्कल, मग शोध. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने तिची जशीच्या तशी प्रतिमा तिच्याहून मोठ्या दुसऱ्या डिस्कवर घ्या. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर करा. फोटोरेक हा मोफत प्रोग्राम नोंदवहीकडे न बघता फाईलच्या सुरुवातीच्या खुणेवरून ती ओळखतो, त्यामुळे फॉरमॅटनंतरही चालतो. मूळ नावं मात्र सहसा मिळत नाहीत. 29 ओव्या ऐकून, ओळखून मला पुन्हा नावं द्यावी लागली. मिळालेल्या फायली कधीही त्याच डिस्कवर ठेवू नका.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर यातलं काहीच करू नका. तिला वीजही देऊ नका. ते काम लॅबचं आहे. लॅबमध्ये देताना 'डेटा मिळाला नाही तर किती पैसे?' आणि 'पैसे देण्याआधी मिळालेल्या फायलींची यादी दाखवाल का?' हे दोन प्रश्न विचारा. वर लिहिला गेलेला डेटा परत काढून देतो असं कुणी छातीठोक सांगितलं, तर तिथून निघा.

पाचवी पायरी: अर्धवट मिळालं तर फेकू नका. मोठी फाईल डिस्कवर छोट्या-छोट्या खणांत ठेवलेली असते, सहसा 4 केबीच्या. त्यातल्या काही खणांवरच नवं लिहिलं गेलेलं असू शकतं. एमपी3 फाईल लहान सुट्या तुकड्यांची बनलेली असते, त्यामुळे निम्मी उरली तरी निम्मं गाणं वाजतं. फोटोच्या सुरुवातीचा भाग गेला तर उरलेलं उघडणं फार अवघड होतं.

एकदा वर लिहिलं की जुनं जातं, हाच नियम जुना कॉम्प्युटर विकताना तुमच्या बाजूने उभा राहतो. हार्ड डिस्कवर पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत एकदा शून्यं लिहा, एवढं पुरतं. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या 2014 च्या मार्गदर्शिकेतही साधारण हेच आहे. विंडोजच्या डिस्कपार्ट या प्रोग्राममधली 'क्लीन ऑल' आज्ञा हे काम करते. ती देण्याआधी डिस्कचा क्रमांक दोनदा तपासा. 1 टीबीच्या डिस्कला सेकंदाला 150 एमबीच्या वेगाने साधारण दोन तास लागतात. एसएसडीत वर लिहिण्यावर विसंबू नका, कारण तिचे काही खण तुमच्या हाती येतच नाहीत. तिच्या कंपनीच्या प्रोग्राममधला 'सिक्युअर इरेज' पर्याय वापरा.