बारावी विज्ञानासाठी कागदी प्लॅनर कसा वापरावा

बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याने प्लॅनर घेताना आठवड्याचे सातही दिवस समोरासमोरच्या दोन पानांवर दिसतील असाच घ्यावा, कारण दिवसाला एक पान देणाऱ्या डायरीत गुरुवारची चाचणी सोमवारी नजरेस पडतच नाही. महागड्या प्लॅनरची गरज नाही. २०० पानी वहीत पट्टीने रकाने आखले तरी पुरते.

बहुतेक विद्यार्थी फक्त शेवटची तारीख लिहितात आणि तिथेच सगळे बिघडते. भौतिकशास्त्राचे जर्नल (प्रयोगवही) शुक्रवारी तपासून घ्यायचे असेल, तर शुक्रवारच्या रकान्यात ‘जर्नल’ एवढेच लिहून भागत नाही. सोमवारी ‘सोनोमीटरचा प्रयोग – निरीक्षणे व आकडेमोड’, बुधवारी ‘आलेख, निष्कर्ष’ आणि गुरुवारी ‘राहिलेल्या सह्या’ अशी शुक्रवारपासून मागे मोजत मांडणी करावी. ‘गणिताचा अभ्यास’ ही नोंद निरुपयोगी आहे, कारण तो कधी पूर्ण झाला हे ठरवताच येत नाही. ‘मॅट्रिसेसची १० उदाहरणे’ ही नोंद मात्र खोडता येते.

नोंदी पेन्सिलने कराव्यात. राहिलेले काम पुढच्या दिवशी पुन्हा हाताने लिहावे आणि तेच काम तिसऱ्यांदा लिहावे लागले, तर ते आकाराने मोठे आहे असे समजून त्याचे दोन तुकडे करावेत. रविवारची दुपार मुद्दाम कोरी सोडावी, कारण क्लासची जादा तासिका किंवा घरचे कार्य कधी उपटेल याचा नेम नसतो आणि आठवड्याची थकबाकी तिथेच भरून निघते.