जुन्या संगीत नाटकातलं प्रेम पडद्यावर आणताना : ‘सौभद्र’ समोर ठेवून

पटकथेआधी एक तक्ता करा. डावीकडे प्रवेश, पुढे तीन रकाने: अर्जुनाला काय ठाऊक, सुभद्रेला काय ठाऊक, प्रेक्षकाला काय ठाऊक. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ च्या ‘सौभद्रा’त मधला रकाना बराच वेळ रिकामाच राहतो. बलरामाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलेलं, तिचं मन अर्जुनावर, आणि तोच यती बनून तिच्याकडून सेवा करून घेतो; सूत्रं कृष्णाच्या हातात. नाट्यगृहात याची मजा येते, कारण प्रेक्षक कटात सामील असतो. कॅमेरा सुभद्रेच्या चेहऱ्याजवळ गेला की मात्र तीच गंमत फसवणूक वाटते.

म्हणून वेषांतर काढून टाकू नका (मग नाटकात उरलं काय?). सुभद्रेला ते आधी ओळखू द्या. अर्जुन सव्यसाची, दोन्ही हातांनी बाण सोडणारा. ती यतीच्या हातावर पाणी घालते आणि तिला दोन्ही हातांच्या बोटांवर प्रत्यंचेचे घट्टे दिसतात. जप करणाऱ्याच्या हाताला घट्टे कुठून? पाण्याची धार क्षणभर अडखळते, पुन्हा सुरू होते. संवाद नको. इथून पुढे ती गप्प राहते ते स्वतःच्या मर्जीने, आणि शेवटी अर्जुनाने तिचं केलेलं हरणही तिच्या संमतीचं होतं.

ओळख पटल्याचं भाषेतूनही दाखवता येतं. यतीला ‘आपण’ म्हणणारी सुभद्रा एकांतात एकदाच ‘तुम्ही’ म्हणते. बलराम आला की परत ‘आपण’. ‘प्राणनाथ’ वगैरे सरळ गाळा.

पदांना कात्री लावताना जपून. सुभद्रेचं ‘वद जाऊ कुणाला शरण’ रंगमंचावर आलापी आणि वन्समोअर धरून कितीही वाढतं. पडद्यावर दोन-अडीच मिनिटं पुरे. पद सुरू होताना आणि संपताना तिची अवस्था वेगळी हवी, नाहीतर गोष्ट जागच्या जागी थांबते. नेहमीची चूक म्हणजे पदाआधी तोच आशय संवादात सांगून टाकणं. संवाद उडवा, पद ठेवा.

‘नच सुंदरी करू कोपा’ उपकथानकातलं म्हणून पहिलं कापलं जातं. तसं करू नका. रुक्मिणीचा रुसवा काढणारा कृष्ण दिसला, तरच दुसऱ्यांची लग्नं जुळवणाऱ्या या माणसाला घरात काय ऐकून घ्यावं लागतं ते कळतं.

स्वगतांचं निवेदन करू नका. निम्मी कृतीत जातात, उरलेली कोणाला आठवतही नाहीत.