हर्बल चहा घरी करताय? या चुका टाळा

गवती चहा घालून पाणी दहा मिनिटं खळाखळा उकळलं, की लिंबासारखा वास स्वयंपाकघरभर सुटतो आणि कपात उरते ती गवताची चव. ज्या तेलामुळे तो वास येतो, ते वाफेबरोबर उडून जातं. पाण्याला आधण आलं की गॅस बंद करा, मग पात कात्रीने कापून टाका आणि पाच-सात मिनिटं घट्ट झाकून ठेवा. झाकणाला जमलेले थेंब सिंकमध्ये झटकू नका, पातेल्यातच पडू द्या. अर्धा वास त्यांत असतो. तुळस आणि पुदिन्यालाही हेच लागू.

उलटी चूकही तितकीच दिसते. दालचिनी, सुंठ, ज्येष्ठमध कपात टाकून वरून गरम पाणी ओतायचं आणि चहा पाणचट झाला म्हणून कुरकुरायचं! सालं आणि मुळं मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळावीच लागतात, तीही भरडून. आयुर्वेदात काढा वेगळा आणि फांट वेगळा, तो याचसाठी: काढा उकळून आटवायचा, फांट गरम पाण्यात भिजवून गाळायचा. दोन्ही प्रकारचं साहित्य असेल तर आधी कठीण ते उकळा, पानं गॅस बंद केल्यावर.

चहा कडू झाला तर आपण साखर वाढवतो. त्याऐवजी लगेच गाळा आणि थोडं गरम पाणी घाला. गाळणीतला चोथा चमच्याने दाबून पिळायची सवयही सोडा, तुरटपणा त्यानेच वाढतो. लिंबाची साल घालत असाल तर पांढरा भाग काढून टाका.

दूध फाटण्याचं खापर नेहमी दूधवाल्यावर फुटतं. पण ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं, त्यामुळे दूध तापायच्या आतच किसलेलं आलं घातलं तर ते फाटू शकतं. आलं आधी पाण्यात तीन-चार मिनिटं उकळा, विकर निकामी होतं. मग दूध घाला. गूळ अगदी शेवटी, पातेलं खाली उतरवल्यावर.

बाजारात ‘हिबिस्कस टी’ म्हणून मिळतो तो बहुधा लाल अंबाडीच्या बोंडांवरच्या मांसल आवरणाचा, कुंडीतल्या जास्वंदीचा नव्हे. चव चांगलीच आंबट, तेव्हा दूध अजिबात नको, आणि भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. ॲल्युमिनियम किंवा कल्हई उडालेलं पितळ नको. गोकर्णाचा निळा चहा लिंबू पिळताच जांभळा झाला तर घाबरू नका, आंबटामुळे त्याचा रंग तसाच बदलतो.

ज्येष्ठमध गोड लागतं म्हणून रोज, मनाला येईल तेवढं घालणं मात्र मला धोक्याचं वाटतं. त्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं. बीपीची गोळी चालू असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेला काढा चाटवू नका, थेंबभरही नाही.

पानं साठवायची असतील तर उन्हात नव्हे, सावलीत वाळवा. पान चुरलं की कुरकुरीत तुटायला हवं. नुसतं वाकत असेल तर आणखी एक दिवस पसरून ठेवा. डबा उघडल्यावर कुबट वास आला तर निवडत बसू नका, सगळंच टाका.