क्लिप नको, वेळ निवडा: डुप्लिकेट करताना या चुका टाळा

संगीत रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला चपखल बसलेला लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत मागे रेंगाळू लागला की खापर लेटन्सीवर, म्हणजे संगणकामुळे आवाजाला होणाऱ्या उशिरावर, फुटतं. तो उशीर घटवायला सेटिंगमधला बफर कमी होतो, साउंड कार्डचा ड्रायव्हर बदलला जातो. दोष बहुतेकदा क्लिप, म्हणजे टाइमलाइनवरचा रेकॉर्डिंगचा तुकडा, डुप्लिकेट करण्याच्या सवयीत असतो.

हे प्रकरण पुन्हा पुन्हा समोर येतं. टेम्पो ९० बीपीएम (मिनिटाला ९० ठोके), ४/४, म्हणजे एका बारमध्ये चार ठोके. चार बार म्हणजे १०.६६७ सेकंद. गिटारची क्लिप मात्र शेवटच्या तारेचा नाद विरेपर्यंत ठेवून १०.७० सेकंदांवर कापलेली. क्लिपवर क्लिक, मग सात वेळा कंट्रोल-डी, म्हणजे डुप्लिकेट. पुढची प्रत आधीची क्लिप संपते तिथे बसते. बार कुठे संपला याच्याशी तिला देणंघेणं नाही. दर प्रतीला ३३ मिलिसेकंदांची घसरण. मूळ क्लिप धरून दुसरी प्रत कानाला खपून जाते, आठवी २३३ मिलिसेकंद उशिरा येते, आणि या टेम्पोत सोळांश स्वरच (पाव ठोका) १६७ मिलिसेकंदांचा असतो. तोवर उतावळ्या माणसाने गिटारशी जुळावा म्हणून बेस हाताने सरकवलेला असतो आणि त्यावर गायनही रेकॉर्ड केलेलं असतं. आता एक क्लिप दुरुस्त करून भागत नाही, तीन ट्रॅक उसवावे लागतात.

एबलटन लाइव्हच्या अरेंजमेंटमध्ये (टाइमलाइनच्या दृश्यात) किंवा प्रो टूल्समध्ये क्लिपऐवजी टाइमलाइनवर बरोबर चार बारांची पट्टी निवडा, त्यात रिकामी जागा आली तरी चालेल, आणि मग डुप्लिकेट करा. प्रत निवडलेल्या वेळेच्या शेवटी बसते. पट्टीबाहेर गेलेला नाद त्यात कापला जातो. तो हवाच असेल तर विषम प्रती एका ट्रॅकवर आणि सम प्रती दुसऱ्यावर ठेवा, म्हणजे नाद पुढच्या प्रतीखाली विरतो. ग्रिड (क्लिप ठोक्यांवर आपोआप बसवणाऱ्या रेषा) बंद ठेवून नजरेने जुळवणं सोडाच. झूम वाढवला की ते किती चुकलंय ते दिसतं.

दुसरी चूक जोडलेल्या प्रतींची, म्हणजे एकीत बदल केला की सगळ्या बदलतात अशा प्रतींची. एफएल स्टुडिओच्या प्लेलिस्टमधल्या एकाच पॅटर्नच्या सगळ्या क्लिप म्हणजे तोच पॅटर्न. शेवटच्या ध्रुवपदात हाय-हॅट वाढवले की ते पहिल्या कडव्यातही वाजतात. बदल करण्याआधी त्या क्लिपच्या मेनूतून ‘मेक युनिक’ करा आणि लगेच नवं नाव द्या. क्यूबेसमध्ये मिडी पार्ट (मिडी म्हणजे आवाज नव्हे, कोणता स्वर कधी वाजवायचा याच्या सूचना) ऑल्ट-शिफ्ट धरून ओढला की जोडलेली प्रत होते, नुसत्या ऑल्टने स्वतंत्र. लॉजिकमध्ये मिडी रीजन (तिथली क्लिप) ऑप्शन-शिफ्टने ओढला तर एलियस, म्हणजे जोडलेली प्रत, बनतो. जोडलेल्या प्रती वाईट नाहीत. मूळ चाल पक्की होईपर्यंत त्याच ठेवाव्यात, एका दुरुस्तीत सगळीकडे काम होतं.

दोन प्रतींच्या सांध्यावर ‘टक’ येत असेल तर ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक क्लिप विरताना दुसरी हळूहळू वर येऊ द्या. त्यासाठी कापलेल्या जागेपलीकडे थोडा ऑडिओ शिल्लक लागतो, म्हणून नेमका कापून वेगळी फाइल म्हणून एक्सपोर्ट केलेल्या तुकड्यावर हा उपाय अडतो.

मिडी क्लिपच्या शेवटी स्वर लांबवणारं सस्टेन पेडल, म्हणजे मिडीतला कंट्रोलर सीसी ६४, शून्यावर आणा. नाहीतर स्वर अडकून राहतात.

आवाज वाढवायला तीच क्लिप दुसऱ्या ट्रॅकवर त्याच जागी ठेवू नका. मिळतात फक्त ६ डेसिबल, ते ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारा फेडरही देतो. प्रत किंचित सरकली तर फेज बिघडून, म्हणजे दोन्हींच्या ध्वनिलहरी काही ठिकाणी एकमेकींना खोडून, आवाज पोकळ होतो.

आणि चार बार नीट व्हायच्या आत चौसष्ट बार भरू नका. आधी टाइमिंग, फेड, नाव. मग पहिली प्रत.