लाटेकच्या नोट्स साइटवर टाकताय? आधी पानांची नावं ठरवा

लाटेक म्हणजे आज्ञा लिहून मजकूर आणि समीकरणं मांडायची पद्धत; त्यातलं सेक्शन, लेबल (जागेला दिलेलं नाव), रेफ (त्या जागेचा संदर्भ) तुम्हाला येतं असं धरते. एकाच फाइलीतून पीडीएफ आणि वेबसाइट दोन्ही निघावं म्हणून मी मेक-फोर-एचटी हे लाटेकमधून वेबपानं काढणारं टूल वापरायला घेतलं. पहिल्याच दिवशी समीकरणांसकट पानं निघाली आणि मी तिथेच गाफील राहिले.

मोठ्या फाइलीची प्रकरणवार पानं पाडायला सांगितलं, की नावं ते टूलच देतं: तुमच्या फाइलीचं नाव, पुढे 'सीएच' आणि अनुक्रमांक. मी गणिताच्या प्रत्येक प्रकरणावर क्यूआर कोड छापला, अप्पा बळवंत चौकाजवळ ऐंशी प्रती झेरॉक्स करून क्लासमध्ये वाटल्या. दिवाळीनंतर मॅट्रिक्सच्या आधी उजळणीचं छोटं प्रकरण घातलं आणि साइट पुन्हा अपलोड केली. तिथून पुढचा प्रत्येक आकडा एकाने सरकला. लिंक तुटली असती तरी चाललं असतं, एरर तरी दिसला असता. इथे पान उघडत होतं, पण भलतंच. परीक्षेच्या आदल्या रात्री एका मुलीने फोटो पाठवला: कागदावर आयगेन व्हॅल्यू, मोबाइलवर मॅट्रिक्सची रँक. आठवलं की अजून पोटात कालवतं.

लेबल दिलं की भागलं, असं समजू नका. लेबल आतले संदर्भ सांभाळतं, बाहेर पडणाऱ्या पानाचं नाव नाही. शीर्षकावरून नाव द्यायची सोय आहे, पण शीर्षक सुधारलंत की नावही बदललं. म्हणून प्रत्येक प्रकरणाची टेक्स फाइल वेगळी ठेवा, प्रीअँबल (सुरुवातीच्या सेटिंगचा भाग) सामायिक. नावात आकडा नको, नुसतं 'आयगेन'. पानाला तेच नाव मिळतं. दुसऱ्या प्रकरणाकडे जाताना रेफ चालणार नाही, पूर्ण लिंक लिहावी लागेल. कंटाळवाणं आहे, पण करा.

आणि तयार एचटीएमएलमध्ये हाताने दुरुस्ती करून देणारे सीनिअर टाळा. पुढच्या बिल्डला ती पुसली जाते आणि सीनिअर तेव्हा फोन उचलत नाहीत.

टेबल स्क्रीनबाहेर सांडलं तर घाबरू नका. लाटेकचा पाया असलेलं टेक्स १९७८ मध्ये आलं ते छापील पानासाठी. आर्काइव्ह (arXiv) ही शोधनिबंधांची साइट डिसेंबर २०२३ पासून लाटेकमधून एचटीएमएल काढतंय, रूपांतराच्या चुका तिथेही राहतात.

त्या ऐंशी प्रती अजून मुलांकडे आहेत. म्हणून जुन्या आकड्यांची पानं मी साइटवर ठेवलीत, प्रत्येकावर फक्त योग्य प्रकरणाची लिंक.