मंजुऱ्यांच्या रांगेत अडकलेले सॉफ्टवेअर : या चुका टाळा

मोठ्या कंपन्यांच्या प्रकल्पांवर कोल्हापुरातून काम करणाऱ्या अभियंत्यांना हा अनुभव नवा नाही : दोन ओळींचा बदल सकाळी लिहून दुपारपर्यंत तपासून होतो आणि पुढे चेंज बोर्डाच्या, म्हणजे बदलांना मंजुरी देणाऱ्या मंडळाच्या, बैठकीची वाट पाहत आठवडेच्या आठवडे पडून राहतो.

या दुखण्याचे मूळ बहुधा एकाच सवयीत असते. काही बिघडले की कारणाच्या मुळाशी न जाता अर्जावर आणखी एक सही वाढवली जाते. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाईट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीच्या आठ सर्व्हरांपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहून गेला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. तिथे उणीव होती ती आठही सर्व्हर पडताळून पाहण्याची. वरिष्ठांच्या आणखी एका सहीने ती भरून निघाली नसती. सॉफ्टवेअर बनवण्याच्या आणि चालवण्याच्या पद्धतींचा आढावा घेणाऱ्या २०१९ च्या स्टेट ऑफ डेव्हऑप्स अहवालातही, बाहेरच्या मंडळाच्या औपचारिक मंजुरीमुळे बिघाड कमी होतात याला पुरावा आढळला नाही.

दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण ती सावधगिरीच्या वेशात येते. मंजुरीला वेळ लागतो म्हणून बदल साठवून एकदम सोडले जातात. गठ्ठा मोठा झाल्याने धोका वाढतो, बिघाडाचे कारण शोधणे अवघड होते आणि त्या भीतीपोटी मंजुऱ्या आणखी कडक केल्या जातात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत धातूचा नमुना ओतण्यापूर्वीच, भट्टीजवळ तपासला जातो. कोडचीही तपासणी तो लिहिला जातो तिथेच, सहकाऱ्याच्या रिव्ह्यूने आणि स्वयंचलित चाचण्यांनी व्हायला हवी.

सर्व बदलांना एकाच मापाने तोलणेही टाळावे. नेहमीच्या, कमी धोक्याच्या बदलांना पूर्वमंजुरी देण्याची तरतूद आयटीआयएल या आयटी सेवा व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक चौकटीतच ‘स्टँडर्ड चेंज’ या नावाने आहे. ती वापरली जात नाही, हे खरे दुर्दैव. बँकिंगसारख्या क्षेत्रांत कोड लिहिणारा आणि मंजूर करणारा वेगळा असणे आवश्यक असते, पण ती अट सहकाऱ्याच्या नोंदवलेल्या रिव्ह्यूनेही बऱ्याचदा पूर्ण करता येते.

सुरुवात करायची तर महिन्याभरातील प्रत्येक बदल कोणत्या टप्प्यावर किती दिवस थांबला हे लिहून काढावे आणि त्या मंजुरीने किती बदल, कोणत्या कारणासाठी रोखले हे तपासावे. जी कारणे वारंवार येतात त्यांच्या चाचण्या लिहाव्यात. जिथे एकही बदल रोखला गेलेला नाही, ती सही काढण्याचा प्रस्ताव याच नोंदींसह वरिष्ठांपुढे ठेवावा.