कोणतं बटण दाबलं, ते आवाजावरून कसं ओळखायचं

एका जुन्या फोनवर 3, 6, 9 आणि हॅश दाबले की आवाज यायचा, पण एक्स्चेंज ते आकडे घ्यायचंच नाही. बाकीची बटणं ठणठणीत. आवाज रेकॉर्ड करून त्यात कोणते सूर किती जोरात आहेत याचा आलेख काढला तेव्हा कारण सापडलं: दोन शिखरांऐवजी एकच दिसत होतं. त्या दिवसापासून मी कीपॅड उघडण्याआधी आलेख काढतो. तुम्हीही काढा.

प्रत्येक बटण एका वेळी दोन सूर वाजवतं, एक आडव्या ओळीचा आणि एक उभ्या रांगेचा. ओळींचे सूर वरून खाली 697, 770, 852 आणि 941 हर्ट्झ. रांगांचे डावीकडून 1209, 1336 आणि 1477. (1633 ची चौथी रांगही आहे, ए ते डी अक्षरांची, पण घरगुती फोनवर ती नसते.) म्हणजे 5 दाबलं की 770 आणि 1336. माझ्या त्या फोनात 1477 गायब होता.

बटण अर्धा सेकंद दाबून धरा आणि रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त तेवढा तुकडा निवडून अ‍ॅनलाइझ मेनूतलं प्लॉट स्पेक्ट्रम उघडा, साइझ 4096 ठेवा. दोन उंच शिखरं दिसतील. त्यांचे आकडे वरच्या ओळी-रांगांशी जुळवा. दीड टक्क्यापर्यंतचा फरक चालतो; 697 च्या जागी 705 आलं तर घाबरू नका. साडेतीन टक्क्यांच्या पुढे गेलं तर मात्र एक्स्चेंजने तो सूर नाकारायला हवा. उजवं शिखर थोडं उंच असेल तर तो दोष नव्हे. लांब तारेत वरचे सूर जास्त क्षीण होतात, म्हणून ते मुद्दामच जरा जोरात पाठवतात.

हे विचित्र आकडे कुठून आले? मला यातलं सगळ्यात सुंदर काम हेच वाटतं. माणसाच्या आवाजात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट असे सूर मिसळलेले असतात. 697 ची दुप्पट 1394, आणि 1394 या यादीत नाही. कुठलाच आकडा दुसऱ्याच्या पटीत नाही. दोघांची बेरीज किंवा वजाबाकीही नेमकी तिसऱ्यावर पडत नाही. म्हणून बोलता बोलता चुकून नंबर लागणं अवघड. 1963 साली ही पद्धत ग्राहकांपर्यंत आली तेव्हा शेवटच्या ओळीत एकटं शून्य होतं, स्टार आणि हॅश 1968 मध्ये आले. तरी सुरांना हात लावावा लागला नाही.

इंटरनेटवरच्या कॉलचं रेकॉर्डिंग मात्र यासाठी वापरू नका. आवाज दाबून लहान करताना सूर बिघडतात, म्हणून तिथे बटणाचा आकडा बऱ्याचदा आवाजाऐवजी डेटाच्या वेगळ्या पाकिटातून जातो आणि रेकॉर्डिंगमध्ये काहीच उरत नाही. माइक थेट फोनच्या रिसीव्हरजवळ धरा.